डिप्पर फिका पडलाय? बल्ब विकत घेण्याआधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१४ ची वॅगनआर. दर शनिवारी कोल्हापुरातलं काम आटपून रात्री आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडीला घरी जायचं. वर्षभरात डिप्परचा, म्हणजे हेडलाइटच्या खाली पडणाऱ्या जवळच्या झोताचा, उजेड फिका, पिवळसर झालाय. एक दुकानदार म्हणतो १००/९० (अप्पर १०० वॅट, डिप्पर ९०) टाका, दुसरा म्हणतो एलईडी टाका. पावसाळ्याआधी फॉग लॅम्पही लावायचेत. यातलं घरी आपल्या हातानं काय जमेल, आणि घ्यावं काय?

जमेल जवळजवळ सगळं. एच४, म्हणजे तुमच्या हेडलाइटमधला अप्पर-डिप्परचा एकच बल्ब, बदलणं हे पंधरा मिनिटांचं काम आहे. पण घ्यावं काय, हे मी लगेच सांगणार नाही. ऑटो इलेक्ट्रिकच्या कामात मला सव्वीस वर्षं झाली. उजेड कमी झाला म्हणून येणाऱ्या जुन्या गाड्यांत कितीदा तरी बल्ब चांगला निघतो. एकतर त्याच्यापर्यंत पुरेशी वीज पोचत नसते, नाहीतर समोरची काच धुरकटलेली असते. अशा गाडीत तुम्ही कितीही महागाचा बल्ब घाला, चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच.

हॅलोजन बल्ब व्होल्टेजला फार हळवा असतो. त्याचा उजेड १३.२ व्होल्टला मोजलेला असतो. त्या व्होल्टेजला एच४ च्या डिप्परचा उजेड साधारण १००० ल्युमेन (ल्युमेन हे उजेड मोजायचं माप) आणि अप्परचा, म्हणजे लांबच्या झोताचा, १६५० ल्युमेन. आता बल्बच्या पिनांवर १२ व्होल्टच मिळाले, म्हणजे व्होल्टेज जेमतेम ९ टक्क्यांनी घटलं, तर उजेड मात्र पाव हिश्श्याहून जास्त घटतो. साडेअकरावर आला तर एक तृतीयांशाहून जास्त गेला. आणि जो उरतो तो पिवळा, कारण फिलामेंट नीट तापतच नाही. तुमच्या ‘फिका आणि पिवळसर’ या दोन शब्दांवरूनच मला पहिला संशय इथे येतो.

तेव्हा आधी एक साधा मल्टीमीटर घ्या. दोनतीनशे रुपयांचा पुरतो. इंजिन चालू, डिप्पर चालू. आधी बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मोजा, १३.८ ते १४.४ च्या आसपास यायला हवं. मग बल्बच्या मागचा कपलर (वायर बल्बला जोडणारा प्लॅस्टिकचा जोड) न काढता, वायर जिथून आत जाते तिथून प्रोब हळूच घालून डिप्परच्या पिनवर आणि कॉमन पिनवर मोजा. एच४ च्या तीन पिनांत वरची आडवी पिन डिप्परची असते. बल्ब पेटलेला असतानाच मोजायचं, कारण कपलर काढून मोजलं तर करंट वाहत नाही आणि मीटर खोटी खुशाली सांगतो. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टचा फरक असेल तर चालतं. एक व्होल्टच्या पुढे फरक असेल तर बल्बचं दुकान विसरा आणि वायरिंगच्या मागे लागा.

तो फरक कुठे पडतोय हेही त्याच मीटरनं कळतं. एक प्रोब बॅटरीच्या मायनसला, दुसरा बल्बच्या मायनस पिनला. जो आकडा येईल तेवढं नुकसान अर्थच्या, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेल्या मायनसच्या, बाजूला आहे. तसंच प्लसच्या बाजूला. एक लक्षात ठेवा, जपानी घडणीच्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइटचा स्विच मायनसच्या बाजूनं असतो. बल्बला प्लस सरळ येतो आणि अप्पर-डिप्परची निवड मायनसमध्ये होते. तुमच्या गाडीत कसं आहे ते रंगावरून ठरवू नका, मीटर लावून बघा. पुढे रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) लावायचा झाला तर ही गोष्ट माहीत नसल्यानं अख्खी दुपार वाया जाते.

मागच्या मार्चमध्ये अशीच एक गाडी आली होती. बॅटरीवर १४.१, बल्बवर १२. मालकानं त्याआधी दोनदा बल्ब बदलले होते. हेडलाइटच्या मागे बॉडीला स्क्रूनं जोडलेली अर्थची थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, काढली, तर खाली हिरवट-पांढरा थर जमलेला. शंभर नंबरच्या पॉलिश पेपरनं थिंबल आणि बॉडीचा तेवढा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, स्क्रू आवळला, वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला. बल्बवर १३.३ आले. बल्ब तोच. कोकणात येजा करणाऱ्या गाडीत हे जास्त लवकर होतं, खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस थिंबल खाऊन टाकतात. म्हणून तुमच्या गाडीत मी पहिला हात इथेच घालेन.

उलटा प्रकारही सांगून ठेवतो. बल्ब महिन्या-दोन महिन्यांत उडत असतील, तर चार्जिंग व्होल्टेज मोजा. पाच टक्के जादा व्होल्टेजला हॅलोजनचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. इंजिन रेस करताना मीटर १४.८ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर तपासून घ्या, बल्बच्या कंपनीला दोष देऊ नका.

मग काच. हल्ली तिला काच म्हणतो एवढंच, असते ती पॉलिकार्बोनेटची. वरचा यूव्ही थर उन्हानं गेला की ती पिवळी पडते. दिवसा गाडीसमोर उभं राहून आतला रिफ्लेक्टर आरशासारखा स्पष्ट दिसतो का बघा. धुकं पसरल्यासारखं वाटलं तर घासणं भाग आहे. कडेच्या रंगाला मास्किंग टेप लावायची आणि पाणी मारत ८००, मग १५००, मग २०००, शेवटी ३००० नंबरचा पेपर फिरवायचा. प्रत्येक नंबरला दिशा बदलायची, एकदा आडवी, एकदा उभी, म्हणजे आधीच्या नंबरचे ओरखडे गेले की नाही हे डोळ्यांना कळतं. ८०० नंतर काच पूर्ण दुधाळ दिसेल. घाबरू नका, ती तशीच दिसायला हवी. त्यानंतर कंपाउंड पॉलिश, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यूव्ही क्लिअर कोट. तो न मारता सोडलं तर काही महिन्यांत काच पहिल्यापेक्षा लवकर पिवळी होते. टूथपेस्टचे व्हिडिओ फिरतात, त्यानं आठवडाभर चमक येते आणि उरलंसुरलं संरक्षणही निघून जातं. आतला रिफ्लेक्टरच काळवंडला असेल तर मात्र घासून उपयोग नाही, युनिट बदलावं लागतं. रिफ्लेक्टरला आतून कापड लावू नका, ती चंदेरी झिलई बोटानंसुद्धा निघते.

हे दोन्ही ठीक असेल, तर आता बल्ब.

गाडी सपाट जागेवर भिंतीसमोर पाच मीटरवर उभी करा, डिप्पर लावा आणि भिंतीवर उजेडाची जी वरची रेघ पडते तिच्यावर मास्किंग टेप चिकटवा. हे बल्ब काढण्याआधी करायचं. नवा बल्ब नीट बसला की नाही, हे नंतर ही टेपच सांगते. मग लाइट बंद करून पंधरा मिनिटं थांबा. हॅलोजनची काच काहीशे अंशांपर्यंत तापते, आणि आतला वायू दाबाखाली असतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा असलेला बरा.

बोनेट उघडा. बहुतेक गाड्यांत एका बाजूला बॅटरी आडवी येते. मोकळ्या बाजूपासून सुरुवात केली की हाताला अंदाज येतो. कपलर वायर धरून ओढायचा नाही. त्याच्या प्लॅस्टिकला धरून किंचित डावीकडे-उजवीकडे हलवत मागे घ्यायचा. जुन्या गाडीत तो घट्ट बसलेला असतो, वेळ द्या. त्यामागे रबरी बूट. त्याला धरायला शेपूट असते आणि वरच्या बाजूला खूण असते, ती बघून ठेवा. बूट निघाला की तारेची स्प्रिंग दिसेल. ती आत दाबून बाजूला सरकवली की सुटते आणि दारासारखी उघडते. बल्ब सरळ मागे येतो.

तो बाहेर काढल्यावर लगेच टाकू नका, हातात घेऊन बघा. एच४ मध्ये दोन फिलामेंट असतात. पुढच्या फिलामेंटच्या खाली एक छोटी पत्र्याची वाटी दिसेल. तो डिप्परचा फिलामेंट. वाटीमुळे त्याचा उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्यावरच पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. त्या वाटीची एक कड जरा तिरकी कापलेली असते. भिंतीवरची रेघ उजवीकडे सपाट आणि डावीकडे वर चढत जाते ती या कडेमुळे आणि रिफ्लेक्टरच्या घडणीमुळे. आपण डावीकडून चालवतो, म्हणून डावीकडची साईडपट्टी, चालणारी माणसं, बैलगाडी लांबून दिसावी आणि उजवीकडून समोर येणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये. काही मिलिमीटरची ही सगळी कारागिरी आहे. फिलामेंट एक-दोन मिलिमीटरनं सरकला तरी भिंतीवरची रेघ विस्कटते. पुढे एलईडीबद्दल मी जे सांगणार आहे, ते या एका पत्र्याच्या वाटीत सगळं आलं.

नवा बल्ब नेहमी पत्र्याच्या बुडाला धरायचा. काचेला बोट लागलं तर बोटाचं तेल तापून जळतं, तेवढ्या जागेवर काच जास्त तापते, पांढरी पडते आणि बल्ब लवकर जातो. बोट लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ कापडावर घेऊन पुसा, पूर्ण सुकू द्या, मग लावा. बुडाला तीन पत्री कान असतात आणि ते एकसारखे नसतात, त्यामुळे बल्ब एकाच पद्धतीनं बसतो. बसला की हात सोडून बघा. डगमगत असेल तर एखादा कान खाचेबाहेर आहे. तशीच स्प्रिंग लावून टाकणं ही घरी बल्ब बदलताना होणारी सगळ्यात मोठी चूक, कारण लाइट लागतो आणि वाटतं काम झालं. मग बूट. त्याची कड सगळीकडून खोबणीत बसली पाहिजे, नाहीतर पहिल्याच पावसात हेडलाइटमध्ये वाफ धरते. दोन्ही बाजूंचे बल्ब एकदम बदला. एक नवा एक जुना ठेवला की उजेड दोन रंगांचा होतो आणि जुना लवकरच जातो.

आता १००/९० चं. हे बल्ब वर्षानुवर्षं विकले जातात, मीसुद्धा सुरुवातीच्या काळात बसवलेत, नंतर बंद केले. साधं गणित बघा. ५५ वॅटचे दोन डिप्पर मिळून ९ अँपिअरच्या आसपास घेतात. ९० चे दोन १५ अँपिअर घेतात. वायर तीच, स्विच तोच, कपलर तोच. जोडावरची उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे अडीच पटीहून जास्त. वायरमध्ये गळणारं व्होल्टेजही दीडपटीहून जास्त, त्यामुळे जितका उजेड विकत घेतला तितका मिळतच नाही. एकदा एक जण रात्री अकरा वाजता गाडी घेऊन आला, लाइट लागत-विझत होते. बोनेट उघडल्यावर आधी जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. कपलर वितळून बल्बच्या पिनांवर मेणासारखा ओघळला होता, बल्ब ओढला तर अर्धा कपलर सोबत आला. बसवणाऱ्यानं ना रिले लावला होता, ना सिरॅमिक होल्डर. रिफ्लेक्टरही मधोमध करपला होता. वायर जळाली असती तर घाटात काय झालं असतं, हा विचार मला त्या रात्री बराच वेळ सोडत नव्हता. रिले लावूनही १००/९० टाकू नका, कारण प्लॅस्टिकचा हेडलाइट ६०/५५ वॅटच्या मूळ बल्बच्या उष्णतेसाठी बनवलेला असतो.

मग त्याच वॅटमध्ये जास्त उजेडाचे बल्ब मिळतात, खोक्यावर अधिक ३०, अधिक १००, अधिक १३० टक्के असं लिहिलेले. हे खरे असतात, पण ते टक्के सगळ्या उजेडाचे नसतात. रस्त्यावरच्या ठराविक भागात पडणाऱ्या प्रखरतेचे असतात. फिलामेंट जास्त नेमका आणि जास्त तापणारा असतो, त्यामुळे आयुष्य कमी. आठवड्याला एक रात्र घाट चढणाऱ्याला हा सौदा परवडतो. रोज रात्री टॅक्सी चालवणाऱ्याला मी साधा बल्बच देतो. निळ्या काचेचे ‘झेनॉन व्हाइट’ नावाचे हॅलोजन मात्र घेऊ नका. निळा थर पिवळा-तांबडा उजेड अडवतो, म्हणजे हॅलोजनचा बराचसा उजेड बल्बमध्येच अडकतो. दिसायला पांढरा, रस्त्यावर कमी. ओल्या डांबरावर तर तो दिसतच नाही.

चांगल्या ६०/५५ बल्बसोबत रिलेचं हार्नेस, म्हणजे रिले आणि वायरींचा जोडलेला संच, ही माझी शिफारस. तयार मिळतं. बॅटरीच्या प्लसवरून २० अँपिअरचा फ्यूज, तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. तिथून अडीच स्क्वेअर मिलिमीटरची वायर रिलेवर ३० नंबर छापलेल्या पिनला. ८७ वरून बल्बला. आणि गाडीचा मूळ कपलर फक्त ८५-८६ ची कॉइल चालवतो. अप्परला एक रिले, डिप्परला एक. स्विचवरून आता दहा अँपिअरऐवजी जेमतेम पाव अँपिअर जातो, म्हणून स्विचही वाचतो. मूळ वायर कुठे कापू नका, सगळं कपलरनं जोडा. मायनस-स्विचिंगच्या गाडीला त्याच पद्धतीचं हार्नेस मागून घ्या, आणि रिले तोंड खाली करून बसवा म्हणजे पाणी आत साचत नाही.

आता एलईडी. तुमच्या दुसऱ्या दुकानदाराचं म्हणणं अगदीच खोटं नाही. चांगल्या एलईडीचा उजेड जास्त असतो, करंट निम्म्याहून कमी, कपलर गार राहतो. अडचण त्या पत्र्याच्या वाटीपाशी येते. हॅलोजनचा फिलामेंट ही साडेपाच मिलिमीटरच्या आसपासची एक बारीक कॉइल असते आणि ती चारी बाजूंना सारखा उजेड टाकते. एलईडी बल्बमध्ये पट्टीच्या दोन अंगांना चिप असतात, मध्ये पट्टीची जाडी. रिफ्लेक्टरला उजेड वेगळ्या जागेवरून आणि दोनच दिशांनी मिळतो. पट्टी जितकी जाड तितकी रेघ विस्कटलेली. गाडीच्या समोरच दहा-पंधरा मीटरवर लख्ख पांढरा सडा पडतो, चालवणाऱ्याला वाटतं काय उजेड आहे! आणि जवळच्या उजेडाला डोळे सरावले की लांबचं कमी दिसतं. तिकडे समोरून दुचाकीवर येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत भाला घुसावा तसा उजेड जातो. तो माणूस दोन-तीन सेकंद आंधळा असतो, आणि त्याच्या डाव्या हाताला दरी असू शकते. मला या कामात सगळ्यात जास्त त्रास याच गोष्टीचा होतो, म्हणून स्पष्ट लिहितो.

कायदाही या बाबतीत मोघम नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम सांगतो की समोरचा दिवा कायम खाली वळवलेला हवा, इतका की ८ मीटर अंतरावर दीड मीटर उंचीच्या डोळ्यांना तो दिपवणार नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीत मनाला येईल तो बदल करायला मनाई करतं. पूर्वी हेडलाइटच्या काचेवर काळा ठिपका किंवा वरच्या अर्ध्याला काळा रंग असायचा, तुमच्यापैकी काहींना आठवत असेल; तो याच तक्रारीवरचा गावठी उपाय होता. जर्मनीत २०२० मध्ये ऑस्रामच्या हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एलईडी बल्बला रस्त्यावर वापरायची पहिली परवानगी मिळाली, तीही गाडीचं मॉडेल आणि तिचा हेडलाइट तपासून बनवलेल्या यादीपुरती. म्हणजे चांगला एलईडी बल्ब बनवता येतो, पण तो कोणत्या हेडलाइटमध्ये बसतोय यावर सगळं ठरतं. एलईडीवरचा ‘२०,००० ल्युमेन’ वगैरे आकडा वाचून तर दुकानातून बाहेरच पडा.

भिंतीसमोर तुम्ही टेप लावलीच आहे. कुणाचा एलईडी उसना घेऊन पाहिला तर त्या टेपच्या वर उजेडाची लकेर, डाग, शिंग दिसतंय का बघा. चिप नऊ-तीनच्या रेषेत, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला हव्यात. कॉलर फिरवून जुळवता येते. एवढं करूनही रेघ स्वच्छ आली नाही तर तो बल्ब त्या गाडीसाठी नाही. तुमच्या वॅगनआरला साधा रिफ्लेक्टर आहे, त्यामुळे मी बसवणार नाही. एचआयडी किटबद्दल, म्हणजे फिलामेंटऐवजी वायूतल्या ठिणगीवर पेटणाऱ्या झेनॉन दिव्याबद्दल, विचारूच नका. ३५ वॅटचा तो दिवा ३००० ल्युमेनच्या पुढे जातो, युरोपात २००० ल्युमेनच्या वरच्या दिव्याला आपोआप खाली-वर होणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवारा सक्तीचा केला होता. ते नसलेल्या साध्या हेडलाइटमध्ये तो कोंबणं सरळ अपराध आहे.

बल्ब बसला की फोकस सेट करा. टायरमध्ये हवा बरोबर, डिकी रिकामी, ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस, डॅशबोर्डवर उंचीचं चाक असेल तर ते शून्यावर. हेडलाइटवर किंवा बोनेटखाली एक टक्का असं छापलेलं असेल, तर पाच मीटरवर रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा पाच सेंटिमीटर खाली हवी. दहा मीटरवर दहा. मागचे स्क्रू पाव-पाव फेऱ्यानं फिरवा, एका दिव्यावर कापड टाकून दुसरा जुळवा. आणि शनिवारी चार माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असतील, तर ते उंचीचं चाक वापरा. ते त्याचसाठी दिलंय.

फॉग लॅम्पबद्दल आधी एक गैरसमज. पिवळा उजेड धुकं कापतो असं सगळे म्हणतात. धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे पांढरा काय, पिवळा काय, सगळा सारखाच विखुरतो. पिवळ्यात निळा भाग नसतो, म्हणून डोळ्यांवर परत येणारा उजेड कमी टोचतो, एवढा फायदा आहे आणि मला स्वतःला तो पटतो. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत नव्या गाड्यांचे हेडलाइटच पिवळे असायचे. पण खरं काम करते ती फॉग लॅम्पची जागा आणि त्याचा आकार. तो खाली बंपरमध्ये असतो, त्याचा उजेड वर न जाता आडवा, पसरट पडतो. धुक्यात अप्पर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण उजेड तुमच्या डोळ्यांच्या रेषेतल्या थेंबांवर आपटून परत येतो. आंबोलीत जुलैच्या रात्री डिप्पर आणि फॉग एवढ्यावर, पांढरी पट्टी धरून हळू चालायचं. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबताय कळत नाही.

घेताना बंपरमधल्या जागेत बरोबर बसणारं युनिट घ्या, ज्याची वरची रेघ सरळ पडते. गोल एलईडी ‘फॉग लाइट’ म्हणून विकले जाणारे बरेच दिवे प्रत्यक्षात स्पॉट असतात. समोर स्पॉटलाइट लावायला नियम १११ नं बंदी आहे. बल्ब नीट वाचा. एच८ हा ३५ वॅटचा, एच११ हा ५५ चा, एच१६ हा १९ चा. बूड दिसायला जुळ्या भावांसारखं, फक्त प्लॅस्टिकच्या कानांची जागा वेगळी. जास्त उजेड हवा म्हणून कान कानशीनं घासून एच८ च्या जागी एच११ बसवणारे खूप आहेत. दिवा लहान, बंद, उष्णता जायला वाट नाही. आधी काच तडकते किंवा रिफ्लेक्टर फुगतो. आणि तापलेल्या काचेवर खड्ड्यातलं गार पाणी उडालं की काम संपलं. त्या कानांना हात लावू नका.

वायरिंग हेडलाइटसारखंच: बॅटरी, १५ अँपिअरचा फ्यूज, रिले, दिवे. रिलेची कॉइल पार्किंग लाइटवरून घ्या म्हणजे गाडी बंद करताना फॉग चालू राहून बॅटरी उतरत नाही. आधीच बसवलेल्या फॉगचा बल्ब बदलायचा असेल तर स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, चाकापुढच्या लायनरच्या दोन-तीन क्लिपा काढा, हात आत जातो. बल्ब पाव फेरा उलटा फिरवला की सुटतो. गाडीखाली जायची गरज नाही, आणि गेलातच तर नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. फॉगची वरची रेघ डिप्परच्या रेघेपेक्षाही थोडी खाली ठेवा.

तुमच्या गाडीला मी या क्रमानं हात लावेन: मीटर, अर्थ थिंबल, काच, मग ६०/५५ चा चांगला जोड आणि रिले, मग फोकस, आणि सगळ्यात शेवटी फॉग. पहिल्या तीन गोष्टींनंतर एक शनिवार जाऊन बघा, कदाचित पुढचं सामान लागणारच नाही. जुने बल्ब चांगले असतील तर नव्याच्या खोक्यात ठेवून एका स्वच्छ रुमालासकट डॅशबोर्डच्या कप्प्यात टाका. आजऱ्याच्या पुढे रात्री बल्ब गेला तर तिथे दुकान उघडं नसतं, आणि आता तो बदलायचा कसा ते तुम्हाला येतं.